हुकूमनामा आणि दरखास्त

चि. नव्या वकीलसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

सनद मिळाली, पेढे पोचले. सोबतचं ब्राऊन खटल्यावरचं टिपणही वाचलं. कष्ट घेतले आहेस, यात शंका नाही. पण तुझं टिपण १७ मे १९५४ला सुरू होतं आणि त्याच दिवशी संपतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले नऊच्या नऊ न्यायमूर्ती त्या दिवशी एका सुरात म्हणाले, की सरकारी शाळांत गोऱ्या आणि काळ्या मुलांना वेगळं ठेवणं हीच विषमता आहे, मग इमारती आणि पुस्तकं सारखी का असेनात. ते वाक्य तू लाल शाईने अधोरेखित केलंस आणि खाली विचारलंस, "ताई, असा खटला उभा करायचा तर सुरुवात कुठून करतात?" पुढच्याच ओळीत शाळा बंद झाली म्हणून तुझ्याकडे आलेल्या त्या वस्तीवरच्या पालकांचा उल्लेख आहे. म्हणजे प्रश्न नुसता अभ्यासाचा नाही.

मी जन्मभर दिवाणी कोर्टात वकिली केली. घटनेवरची मोठी भाषणं मला जमत नाहीत. माझी एक खोड आहे. कुठलंही निकालपत्र हातात आलं की आधी दाव्याची प्रेअर, म्हणजे कोर्टाकडे नेमकं काय मागितलंय ते, बघायची, मग शेवटचं पान, आणि मग स्वतःला विचारायचं की याची दरखास्त, म्हणजे हुकमाची अंमलबजावणी, कशी चालली असेल? हुकूमनामा मिळवण्यात पक्षकाराचं निम्मं आयुष्य जातं आणि उरलेलं दरखास्तीत, हे आपल्या कोर्टाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्यालाही ठाऊक असतं. ब्राऊनही मी तसाच वाचते. तुलाही तसाच वाचायला लावणार आहे.

मागची गोष्ट थोडक्यात. १८९६ साली प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात, लुईझियानातल्या रेल्वेच्या डब्यांवरून, याच न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी 'वेगळं पण समान' चालेल असं ठरवलं. विरोधात एकटे न्यायमूर्ती हार्लन. त्या आधारावर दक्षिणेतल्या राज्यांनी शाळांपासून पिण्याच्या पाण्याच्या नळांपर्यंत सगळं वेगळं ठेवलं. वेगळेपण कसोशीने पाळलं. समानतेकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

हा निकाल उलटवायचा विडा उचलणारे चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. तुझ्या टिपणात त्यांचं नाव नाही, म्हणून जरा थांबून सांगते. हॉवर्ड विद्यापीठाचं विधी महाविद्यालय त्यांच्या हाती आलं तेव्हा तिथे रात्रीचे वर्ग भरायचे. त्यांनी ते बंद करून पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षण सुरू केलं आणि काळ्या वकिलांची एक पिढी घडवली. १९३३ला तिथून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडलेला थरगूड मार्शल त्यांचाच विद्यार्थी. ह्यूस्टन स्वतः कॅमेरा घेऊन साऊथ कॅरोलायनात हिंडले, काळ्या मुलांच्या शाळांची खोपटी आणि गोऱ्यांच्या विटांच्या इमारती त्यांनी फिल्मवर उतरवल्या. वकिलाने आधी जागेवर जायचं, ही सवय तिथली.

पण त्यांनी पहिले खटले त्या खोपट्यांवरून लढवले नाहीत. त्यांनी निवडली विधी महाविद्यालयं. कारण व्यवहारी होतं. बहुतेक राज्यांत काळ्यांसाठी असं महाविद्यालयच नव्हतं, त्यामुळे 'समान' आहे म्हणायला प्रतिवादीकडे काहीच नव्हतं. विद्यार्थी मोजके, त्यामुळे समाज खवळण्याची भीती कमी. आणि ऐकणारा न्यायाधीश स्वतः वकिलीतून आलेला. विधी महाविद्यालय म्हणजे काय, हे त्याला साक्षीपुराव्याने पटवून द्यावं लागत नाही. 'समान द्या म्हणता ना, मग द्या' एवढंच मागायचं. १९३६ला मेरीलँडमध्ये ते मिळालं, तेही ज्या विद्यापीठाचे दरवाजे मार्शलसाठी वर्णामुळे बंद होते त्याच विद्यापीठाविरुद्ध. १९३८ला मिझुरीच्या लॉइड गेन्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की दुसऱ्या राज्यात शिकायला पैसे देऊन राज्याला हात झटकता येणार नाहीत. आणि त्यानंतर वादीच नाहीसा झाला! मार्च १९३९मध्ये शिकागोत टपालाची तिकिटं आणायला म्हणून गेन्स बाहेर पडला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. काय झालं ते आजवर उघड झालेलं नाही.

सगळ्यात बारकाईने वाच तो मॅक्लॉरिनचा १९५०चा निकाल. जॉर्ज मॅक्लॉरिन वयस्क, स्वतः शिक्षक. ओक्लाहोमा विद्यापीठाला त्यांना प्रवेश द्यावा लागला. मग विद्यापीठाने काय केलं? त्यांना वर्गाशेजारच्या छोट्या खोलीत बसवलं, ग्रंथालयात पोटमाळ्यावर वेगळं टेबल दिलं, उपाहारगृहात वेगळी वेळ दिली. शिक्षक तेच, पुस्तकं तीच, छप्परही तेच. सगळं समान झालं तेव्हा उघडं पडलं, की उरलेला अन्याय नुसत्या वेगळं बसवण्यात आहे. न्यायालयाने मॅक्लॉरिनच्या बाजूने कौल दिला. प्लेसी रद्द न करता त्याखालची जमीन सरकली ती इथे. ह्यूस्टन मात्र हे ऐकायला राहिले नाहीत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते गेले, निकाल जूनमधला. त्यानंतरच मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, की आता सुविधा मागणारे दावे घ्यायचे नाहीत, वेगळेपणावरच घाव घालायचा.

आता क्लॅरेंडन परगणा, साऊथ कॅरोलायना. तुझ्या कामाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. इथल्या पालकांनी काय मागितलं होतं? बस. गोऱ्या मुलांसाठी तीस बस होत्या, काळ्या मुलांसाठी एकही नाही. पोरं मैलोन्‌मैल चालत. लेव्ही पिअरसन नावाच्या शेतकऱ्याने १९४८ला दावा लावला, आणि तो गुणदोषांवर नाही, हद्दीवर पडला. त्याची जमीन दोन शाळा-हद्दींवर पसरली होती; कर एका हद्दीत भरायचा आणि मुलं दुसरीकडे शिकायची. तुझ्या वस्तीवरच्या पालकांचे सातबारे आणि मतदारयादीतले पत्ते तू पाहिलेस का? आधी ते बघ.

पुढच्या खेपेला वादी जास्त जमवले, आणि मागणी बसवरून सगळ्या सुविधांवर गेली. १९४९-५०मध्ये त्या परगण्यात गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत होते आणि काळ्या मुलामागे ४३. केस हातात आल्यासारखी वाटावी असे हे आकडे! पण न्यायाधीश वॉरिंग यांनीच मार्शलला सुचवलं, की समान सुविधांचं बोलू नका, वेगळेपणालाच सरळ आव्हान द्या. दावा नव्याने दाखल झाला. १९५१च्या मे महिन्यात चार्ल्सटनला सुनावणी उघडली आणि सरकारी बाजूचे वकील रॉबर्ट फिग उभे राहून म्हणाले, शाळा असमान आहेत हे आम्हाला मान्य आहे, सुधारायला मुदत द्या. राज्यपाल बर्न्स यांनी शाळांच्या इमारतींसाठी विक्रीकरही बसवला होता. मार्शल साक्षीदारांची फौज घेऊन आले होते, खोपट्यांचा आणि मोडक्या बाकांचा पुरावा घेऊन. एका कबुलीत त्यातला बराचसा बिनकामाचा झाला. प्रेअरमध्ये फक्त सुविधा मागितल्या असत्या तर खटला त्याच सकाळी संपला असता. समोरच्याने तुझी सगळी वस्तुस्थिती मान्य केली तर तुझ्या दाव्यात काय उरतं, हा प्रश्न मसुदा करतानाच विचारत जा.

तीन न्यायाधीशांपुढे तो खटला दोन विरुद्ध एक असा हरला. वॉरिंग यांनी वेगळं मत लिहिलं, की वेगळं ठेवणं ही मुळातच विषमता आहे. तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटलं, ते त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी ते आपलं गाव सोडून न्यूयॉर्कला गेले. त्या गावात त्यांच्याशी कुणी बोलेनासं झालं होतं.

आणि वादी? हॅरी ब्रिग्ज पेट्रोल पंपावर काम करायचे, दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. अर्जावर सही केली म्हणून नोकरी गेली. त्यांची पत्नी एलायझा मोटेलमध्ये सफाईकाम करायची, तिचंही काम गेलं. कुटुंब पोसण्यासाठी ब्रिग्जना फ्लोरिडा गाठावं लागलं. या सगळ्यांना एकत्र आणणारे धर्मोपदेशक आणि शिक्षक जोसेफ डीलेन. १९५१ला त्यांचं घर जळालं, अग्निशामक दल बघत उभं राहिलं, घर हद्दीबाहेर आहे म्हणून. १९५५ला त्यांचं चर्च जाळलं. घरावर गोळ्या झाडणाऱ्यांवर त्यांनी उलट गोळ्या झाडल्या, तर वॉरंट निघालं त्यांच्याच नावाचं. ते राज्य सोडून गेले ते कायमचे. तो गुन्हा काढून टाकायला २००० साल उजाडलं. डीलेन १९७४लाच वारले होते.

म्हणून वकालतनाम्यावर सही घेण्याआधी पक्षकाराला बसवून सांगायचं असतं, की तुमच्या नोकरीचं काय होईल, रेशन दुकानदार काय करेल, ग्रामपंचायतीत कामं अडतील का. 'बघू, काही होणार नाही' असं कधीही म्हणू नकोस. ऐकून चार जण मागे हटतील, हटू दे. उरतील त्यांच्यावर दावा चालतो.

कधी कधी पक्षकार आपल्यापेक्षा दोन पावलं पुढे असतो, हेही ध्यानात ठेव. व्हर्जिनियात प्रिन्स एडवर्ड परगण्यात फार्मव्हिल गावी मोटन हायस्कूल होतं. १८० मुलांसाठी बांधलेलं, शिकत होती साडेचारशेवर. जादा वर्ग डांबरी कागदाच्या झोपड्यांत. २३ एप्रिल १९५१ला बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने मुख्याध्यापकांना खोटा फोन करवून शाळेबाहेर काढलं, सभागृहात सगळी शाळा गोळा केली आणि संप पुकारला. मुलांना हवी होती नवी इमारत. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवूड रॉबिन्सन हे वकील आले ते या पोरांना समजावून परत वर्गात पाठवावं अशा बेताने. पोरांचा निर्धार बघून त्यांनी अट घातली, की इमारत मागायची नाही, वेगळ्या शाळाच बंद करा म्हणून मागायचं, आणि पालकांची संमती आणायची. महिन्याभरात दावा दाखल झाला. बार्बराला मात्र घरच्यांनी सुरक्षिततेसाठी अलाबामात काकांकडे पाठवलं.

कॅन्ससमधलं टोपीका या सगळ्यांच्या उलट. तिथे काळ्या मुलांच्या शाळा बऱ्या होत्या, शिक्षकही चांगले शिकलेले. ऑलिव्हर ब्राऊन रेल्वेच्या कारखान्यात वेल्डर. त्यांची लिंडा घराजवळची समनर शाळा सोडून रेल्वेच्या रुळांमधून चालत जाऊन बस धरायची आणि मैलभरावरच्या मन्रो शाळेत जायची. सुविधांचा वादच नसल्याने मूळ प्रश्न इथे स्वच्छ उभा राहिला. असे पाच ठिकाणचे खटले सर्वोच्च न्यायालयाने एकत्र ऐकले आणि त्या गठ्ठ्याला नाव कॅन्ससचं मिळालं. न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी नंतर सांगितलं, की हा नुसता दक्षिणेचा प्रश्न आहे असा वास येऊ नये म्हणून. डेलावेअर हा चौथा, त्याच्याकडे पुढे येते. पाचवा राजधानी वॉशिंग्टनचा, तो त्याच दिवशी पण वेगळ्या निकालपत्राने सुटला.

बाहुल्यांच्या प्रयोगाने तू भारावून गेलेला दिसतोस. टिपणाची दोन पानं त्यावरच आहेत. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने काळ्या मुलांसमोर गोरी आणि काळी बाहुली ठेवून कुठली चांगली, कुठली वाईट, तुझ्यासारखी कुठली, असं विचारलं. क्लॅरेंडनमध्ये सोळांपैकी दहा मुलांनी गोरी बाहुली पसंत केली, अकरा जणांना काळी 'वाईट' वाटली. ऐकून पोटात कालवतं. पण वकील म्हणून बघ. मुलं सोळाच. वरच्या न्यायालयात समोरून उभे होते जॉन डब्ल्यू. डेव्हिस, एके काळचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आणि त्या न्यायालयात मुरलेले वकील. त्यांनी क्लार्क यांचाच आधीचा अभ्यास काढून दाखवला, की जिथे शाळा एकत्र आहेत त्या उत्तरेतल्या काळ्या मुलांनी गोरी बाहुली जास्तच पसंत केली होती. मग वेगळ्या शाळेमुळे हे घडतं असं कसं म्हणता? निकालपत्राच्या ११व्या तळटीपेत क्लार्क यांचा संदर्भ आला आणि पुढे वर्षानुवर्षं विरोधकांनी तीच तळटीप धरून 'हा कायदा नव्हे, समाजशास्त्र' म्हणून ओरड केली. माझ्या मते खटला बाहुल्यांवर उभा नव्हता. मॅक्लॉरिनच्या त्या बाजूच्या खोलीपासून ब्राऊनपर्यंत तर्क सरळ जातो. मन हलवणारा पुरावा जरूर आण, पण तो काढून घेतला तरी दावा उभा राहील अशी बांधणी ठेव.

न्यायमूर्तींबद्दल फार लिहीत नाही. डिसेंबर १९५२ला पहिला युक्तिवाद झाला तेव्हा सरन्यायाधीश व्हिन्सन होते आणि न्यायालय दुभंगलेलं होतं. फेरसुनावणी ठरली, दरम्यान सप्टेंबर १९५३मध्ये व्हिन्सन अचानक वारले. अर्ल वॉरन आले. दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियातल्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत पाठवायला हिरिरीने पाठिंबा देणारा हाच माणूस. माणसांचे कप्पे करायची घाई करू नकोस, एवढंच त्यावर म्हणेन. त्यांनी एकेका सहकाऱ्याशी बोलून मतं जुळवली. केंटकीचे स्टॅन्ले रीड शेवटपर्यंत अडून होते, तेही आले. वॉरन यांनी सहकाऱ्यांना आधीच कळवलं होतं, की निकालपत्र छोटं हवं, सामान्य माणसाला वाचता येईल असं, आणि कुणावर आरोप न करणारं. तसंच ते आहे. मूळ वाच, तासाभराचं काम.

त्या एकमताची किंमत मात्र शेवटच्या पानावर आहे. १७ मे १९५४च्या निकालात कुठल्याही मुलाला कुठल्याही शाळेत घ्या असा आदेश नाही! आदेश काय द्यावा यावर पुन्हा युक्तिवाद मागवले. मार्शल यांच्या बाजूने ठरावीक तारीख मागितली: सप्टेंबर १९५५, फार तर सप्टेंबर १९५६. म्हणजे प्रेअरमध्ये तारीख होती, चूक वकिलांची नव्हे. ३१ मे १९५५ला दुसरा निकाल आला, त्यात तारीख नाही. स्थानिक न्यायालयांनी देखरेख करावी आणि शाळा 'यथोचित विचारपूर्वक वेगाने' एकत्र कराव्यात. ज्याला काही करायचं नाही त्याला यापेक्षा सोयीचा हुकूम कुठला? आपल्याकडच्या 'लवकरात लवकर' या शेऱ्याचा हा थोरला भाऊ.

दहा वर्षं काय चाललं ते पाहा. १९५६ला दक्षिणेतल्या १०१ खासदारांनी निकालाविरुद्ध जाहीरनामा काढला. १९५७ला लिटल रॉकमध्ये नऊ मुलांना शाळेत पोचवायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावं लागलं. १९६०ला न्यू ऑर्लिन्समध्ये रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची पोर केंद्र सरकारच्या पोलिसी अधिकाऱ्यांच्या पहाऱ्यात शाळेत गेली आणि गोऱ्या पालकांनी आपापली मुलं काढून घेतल्याने वर्षभर एका शिक्षिकेपुढे एकटीच बसून शिकली. बार्बरा जॉन्सच्या प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर कमाल केली. शाळा एकत्र करण्याचा हुकूम आल्यावर त्यांनी १९५९ला शाळांसाठी पैसे मंजूर करायलाच नकार दिला. सगळ्या सरकारी शाळा बंद, पाच वर्षं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्या मुलांना नातेवाइकांकडे दूर पाठवलं गेलं, नाहीतर ती घरी बसली. १९६४ला न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलं, की नुसत्या 'विचारपूर्वक वेगा'ची वेळ आता संपली. तोवर दक्षिणेतल्या अकरा राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी काळी मुलं शंभरात जेमतेम एक होती. लिंडा ब्राऊन तर समनर शाळेत कधी गेलीच नाही. प्राथमिक शाळा खुल्या होईतो ती पुढच्या शाळेत पोचली होती. १९७९ला तोच खटला पुन्हा उघडला, तेव्हा ती वादी होती स्वतःच्या मुलांसाठी.

याच्याशेजारी डेलावेअर ठेव. पाच खटल्यांपैकी खाली जिंकलेला हा एकच. तिथले न्यायाधीश (चॅन्सलर) कॉलिन्स साईट्झ यांना प्लेसी उलटवायचा अधिकार नव्हता. त्यांनी एवढंच म्हटलं, की शाळा आज असमान आहेत, म्हणून ही मुलं आज गोऱ्यांच्या शाळेत जातील; सुधारणा होईपर्यंत थांबणार नाहीत. क्लॅरेंडनच्या न्यायाधीशांनी असमानता मान्य करून सुधारायला वेळ दिला, साईट्झ यांनी तीच असमानता मान्य करून प्रवेश दिला. निष्कर्ष सारखा, हुकूम वेगळा. गाजलेल्या वाक्यांच्या गर्दीत हे निकालपत्र मागे पडलंय, पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी तेच देते.

गाडी खरी हलली ती दोन गोष्टींनी. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने भेदभाव करणाऱ्या शाळांचं केंद्राचं अनुदान रोखण्याची तरतूद आली. आणि १९६८चा ग्रीन खटला. व्हर्जिनियातल्या न्यू केंट परगण्यात दोनच शाळा होत्या. शाळा मंडळ म्हणालं, ज्याला हवी ती शाळा त्याने निवडावी, आम्ही कुणाला अडवत नाही. तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने काळ्यांची शाळा निवडली नाही आणि ८५ टक्के काळी मुलं जुन्याच शाळेत राहिली. न्यायालयाने म्हटलं, खरोखर चालेल आणि आत्ता चालेल अशी योजना आणा. ते सिद्ध करायची जबाबदारी मंडळाची. चौदा वर्षांनी दरखास्तीला कुणीतरी वाली मिळाला. मग १९७४ला डेट्रॉइटच्या मिलिकेन खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं, की शहराबाहेरच्या उपनगरांच्या शाळांना, त्यांनी स्वतः भेदभाव केल्याचं दाखवल्याशिवाय, या योजनेत ओढता येणार नाही. गोरी कुटुंबं उपनगरांत निघून गेलीच होती. विरोधी मत लिहिणाऱ्यांत मार्शल होते, तोवर त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले.

आणखी एक हिशेब तुझ्या टिपणात नाही: शिक्षकांचा. टोपीकाच्या शाळा अधीक्षकांनी १९५३मध्येच काही काळ्या शिक्षिकांना पत्रं धाडली होती, की वेगळ्या शाळा बंद झाल्या तर तुमची नेमणूक पुढे चालू राहणार नाही. निकालानंतर दक्षिणेत हजारो काळ्या शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. शाळा एकत्र झाल्या म्हणजे बंद पडली ती काळ्यांची शाळा. दाव्यात या माणसांसाठी कुणी काही मागितलं नव्हतं. तुझ्या वस्तीवरच्या शाळेतही एक शिक्षक असेल, एक पोषण आहार शिजवणारी बाई असेल. त्यांना भेटलास का?

टिपणाच्या शेवटी तू महाडची तुलना घातली आहेस. नातं खरं आहे. बाबासाहेबांनी १९४६ला काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे अमेरिकी विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहून निग्रो जनतेने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या, आणि अस्पृश्यांची आणि त्यांची स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास आवश्यकच आहे, असं कळवलं होतं. पण खटल्यांची तुलना करताना पक्षकार कुठल्या बाजूला आहे ते बघ. चवदार तळ्याच्या दाव्यात बाबासाहेब प्रतिवादी होते. तळं खासगी आहे म्हणत कोर्टात गेले ते सवर्ण, आणि डिसेंबर १९२७ला त्यांना तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. १७ मार्च १९३७ला उच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. तिथे वहिवाटीचा पुरावा देण्याचा बोजा सवर्णांवर होता. ब्राऊनमध्ये सगळा भार अन्याय सोसणाऱ्या वादींवर. हा फरक तुझ्या दोन परिच्छेदांत कुठेच नाही. ते परिच्छेद नव्याने लिही, किंवा काढून टाक.

आता कामाचं. आधी डेलावेअरचा निकाल वाच, मग १९५५चा, मग ग्रीन. १९५४चा सगळ्यात शेवटी. शनिवारी दुपारी ये, रविवारी मी गावी जाणार आहे. येताना वस्तीवर एक चक्कर टाकून ये, जवळची दुसरी शाळा पायी किती लांब पडते ते चालून बघ, पावसाळ्यात ओढा येतो का ते बायकांना विचार. आणि अर्जाचा मसुदा आणू नकोस, फक्त प्रेअर आण, एका कागदावर. कुणी, काय, कुठल्या तारखेपर्यंत करायचं आणि न केल्यास अहवाल कुणापुढे द्यायचा, इतकं त्यात असू दे. बाकीचे परिच्छेद आपण बसून लिहू.

तुझी,
ताई